यू-ड्रिलचा मधला इन्सर्ट वारंवार तुटतो: इन्सर्ट बदलण्यापूर्वी भोकाचा तळ पाहा

सीएनसी लेथवर यू-ड्रिलने, म्हणजे कार्बाइडचे बदलता येणारे कापणारे तुकडे (इन्सर्ट) बसवलेल्या ड्रिलने, भोक पाडताना बाहेरचा इन्सर्ट आपले ठरलेले आयुष्य पुरे करतो, आणि मधला मात्र दर आठ-दहा नगांनंतर टवका उडालेला किंवा सरळ दोन तुकडे झालेला सापडतो. अशा ड्रिलबाबत ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. अशा वेळी आधी इन्सर्टचा ग्रेड (कार्बाइडचा प्रकार) बदलला जातो, त्याने भागले नाही की फीड (एका फेऱ्यात ड्रिल पुढे सरकण्याचे अंतर) कमी केला जातो आणि तेही निष्फळ ठरले की त्या बनावटीचे ड्रिलच वाईट असा निकाल लागतो. मी स्वतः हे तिन्ही टप्पे क्रमाने पार पाडले आहेत. काम सी-45 पोलादाचे होते. 25 मिलिमीटर व्यासाचे आणि 50 मिलिमीटर खोलीचे आंधळे, म्हणजे आरपार न जाणारे, भोक होते. ड्रिल व्यासाच्या तिप्पट लांबीचे होते. दोष शेवटी दोन ठिकाणी सापडला आणि त्यांपैकी एकही इन्सर्टमध्ये नव्हता.

मधलाच का तुटतो, हे समजण्यासाठी ड्रिलची रचना डोळ्यांसमोर हवी. यू-ड्रिलमध्ये साधारणतः दोन इन्सर्ट असतात आणि ते अक्षाच्या दोन विरुद्ध बाजूंना, पण अक्षापासून वेगवेगळ्या अंतरावर बसवलेले असतात. मधला इन्सर्ट सेंटरच्या किंचित पलीकडून सुरू होऊन त्रिज्येच्या साधारण मध्यापर्यंत कापतो आणि तेथून भोकाच्या भिंतीपर्यंतचा पट्टा बाहेरचा इन्सर्ट कापतो. मधे दोघांचे मार्ग थोडे एकमेकांवर येतात. म्हणजे धारा दोन दिसत असल्या, तरी कोणत्याही एका त्रिज्येवर एका फेऱ्यात एकच धार कापते. त्यामुळे सॉलिड कार्बाइड ड्रिलचा फीड पाहून यू-ड्रिलचा फीड ठरवणे चुकीचे आहे: तेथे एका फेऱ्याचा फीड दोन धारांत विभागला जातो, येथे तो पूर्णच्या पूर्ण एका धारेवर येतो.

आता वेगाचा हिशेब पाहू. 25 मिलिमीटर व्यासावर मिनिटाला 180 मीटर कटिंग स्पीड धरला, तर सुमारे 2,290 आरपीएम येतात. त्याच आरपीएमला 12 मिलिमीटर व्यासावर हा वेग 86 मीटर राहतो, 2 मिलिमीटर व्यासावर 14 मीटर आणि नेमक्या सेंटरवर शून्य. सेंटरजवळ धातू कापला जात नाही, तो चेपला आणि ढकलला जातो. म्हणून मधल्या इन्सर्टला धक्का सोसणारा चिवट ग्रेड लागतो आणि बाहेरच्याला उष्णता व झीज सोसणारा कठीण ग्रेड लागतो. कठीण ग्रेड मध्ये बसवला तर तो तुटणारच. ज्या ड्रिलमध्ये दोन्ही पॉकेटांत (इन्सर्ट बसण्याच्या खाचांत) एकाच आकाराचा इन्सर्ट बसतो, तेथे ही अदलाबदल सहज होते, म्हणून दोन्ही डब्या उघडून ग्रेड एकदा पडताळून घ्यावा. माझ्या बाबतीत ग्रेड बरोबर होता. बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबरच असतो.

या रचनेचे एक गृहीतक आहे आणि सारी गोष्ट त्यावर उभी आहे: ड्रिलचा अक्ष आणि फिरण्याचा अक्ष एकच असला पाहिजे. मशीनिंग सेंटरवर ड्रिल स्वतःच फिरत असल्याने ही अट बऱ्याच अंशी आपोआप पाळली जाते. लेथवर मात्र जॉब फिरतो आणि ड्रिल स्थिर असते, त्यामुळे टरेट (टूल धरणारी फिरती चकती) जिथे ड्रिल धरेल, तिथेच ते उभे राहते. दोन्ही अक्षांतील फरक डायलच्या (सूक्ष्म फरक सुईने दाखवणाऱ्या मापकाच्या) एकूण वाचनात 0.03 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे.

आधी भोकाचा तळ

डायल काढण्यापूर्वी एक सोपी तपासणी करावी. नवे इन्सर्ट बसवून, कूलंट पूर्ण सोडून, चार-पाच मिलिमीटर खोल भोक पाडावे, ड्रिल मागे घ्यावे आणि तळाच्या मध्यभागी भिंगातून पाहावे. तेथे एक बारीक खुंट उभा राहिलेला दिसला पाहिजे. हा खुंट दोष नाही. मधल्या इन्सर्टची धार मुद्दामच सेंटरच्या रेषेपेक्षा किंचित खाली ठेवलेली असते, म्हणून मध्यभागी तेवढा धातू न कापता उरतो आणि ड्रिल पुढे सरकताना तो चेपून मोडतो. खुंटाचा व्यास हा धार जितकी खाली असेल त्याच्या दुप्पट येतो. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल, तर उंची ठीक आहे असे समजावे.

खुंट एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, तर धार फार खाली आहे. एवढा जाड खुंट सहज मोडत नाही आणि इन्सर्टच्या टोकावर हातोड्यासारखा बसतो. याउलट खुंट अजिबात दिसत नसेल आणि तळ गुळगुळीत असेल, तर तळ छान आला म्हणून खूश होऊ नये. धार सेंटरच्या वर गेली आहे. अशा स्थितीत सेंटरजवळचा धातू धारेवर न येता धारेखालच्या बाजूवर घासतो, तेथे मोकळीक उरत नाही आणि फीडचा सगळा दाब त्या घासणाऱ्या जागी येतो. कार्बाइड दाब सोसते, पण धारेला मागून उचलणारा ताण सोसत नाही. खुंट नसणे हे माझ्या अनुभवात जाड खुंटापेक्षा अधिक घातक आहे, कारण इन्सर्ट हळूहळू झिजत नाही, एकदम जातो.

येथे वर आणि खाली हे शब्द इन्सर्टच्या चेहऱ्यावरून ठरवावेत. ड्रिल उलटे, म्हणजे इन्सर्टचा चेहरा जमिनीकडे करून बसवले असेल, तर हा हिशेबही उलटतो. ही चूक मी एकदा केली आहे आणि शिमची (उंची जुळवण्याची पातळ) पट्टी नेमकी उलट बाजूला घातली आहे.

माझ्या त्या जॉबच्या तळाला खुंट नव्हता.

आडवी चूक

उंचीची चूक खुंटावरून कळते, तर एक्स दिशेतील चूक भोकाच्या मापावरून आणि बॉडीवरील ओरखड्यांवरून कळते. येथे बाहेरचा इन्सर्ट एक्स अक्षाच्या रेषेत बसवला आहे असे मी धरतो, आणि तो तसाच बसवावा. ड्रिल बाहेरच्या इन्सर्टच्या दिशेने सरकले तर भोक मोठे होते. हा बदल काही मर्यादेपर्यंत चालतो. यू-ड्रिलने लेथवर नाममात्र व्यासापेक्षा थोडे मोठे भोक मुद्दाम पाडता येते, ते याच गुणामुळे. मर्यादा ओलांडली की दोन्ही इन्सर्टांच्या मार्गांमधील सामाईक पट्टा संपतो आणि मधल्या इन्सर्टचा सेंटरपलीकडचा भाग उलट्या दिशेने येणाऱ्या धातूवर घासू लागतो. किती मोठे भोक चालेल, याचा आकडा उत्पादकाच्या तक्त्यात त्या ड्रिलपुढे दिलेला असतो.

ड्रिल मधल्या इन्सर्टच्या बाजूला सरकले तर मात्र भोक लहान होते आणि नुकसान दोन्हीकडून होते. एक तर मधली धार सेंटरपर्यंत पोहोचत नाही आणि न कापलेला धातू तिच्या कोपऱ्यावर आदळतो. दुसरे म्हणजे बॉडी भोकाच्या भिंतीला लागते, कारण भिंत जेवढी आत येते तेवढीच बॉडी तिच्याकडे जाते आणि मोकळीक दुप्पट वेगाने संपते. ड्रिल बाहेर काढून पुसावे आणि मधल्या इन्सर्टच्या बाजूला बॉडीवर चकाकणारे ओरखडे आहेत का ते पाहावे. असतील तर एक्स ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) चुकला आहे. भोक लहान करण्यासाठी यू-ड्रिलचा ऑफसेट कधीही वापरू नये.

डायल कसा लावावा

मॅग्नेटिक स्टँड चकला चिकटवून डायलची सुई टरेटमधील होल्डरच्या बोअरमध्ये लावावी आणि चक हाताने फिरवून चार जागी वाचन घ्यावे. समोरासमोरच्या दोन वाचनांतील फरक हा सेंटरमधील प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असतो, हे अनुभवी माणसेही घाईत विसरतात. दुसरी गोष्ट अशी की, स्टँडचा दांडा लांब असेल तर तो स्वतःच्या वजनाने वाकतो आणि वर-खालच्या वाचनात काही शतांश मिलिमीटर खोटी चूक दाखवतो. म्हणून आधी तोच स्टँड त्याच लांबीला ठेवून, चकमध्ये धरलेल्या आणि जागेवरच टर्न केलेल्या गोल सळईवर सुई लावावी. सळई स्टँडबरोबरच फिरत असल्याने वाचन बदलायला नको. जो बदल दिसेल तो दांड्याचा वाक होय, तो हिशेबातून वगळावा. बोअर तपासल्यावर ड्रिल बसवून बॉडीच्या पुढच्या टोकाजवळही एक वाचन घ्यावे, कारण बोअर सेंटरला असूनही तिरका असू शकतो आणि तिरकसपणा लांबीबरोबर वाढत जातो.

त्या मशीनवर आडवा फरक नगण्य होता, पण वर-खालचा फरक 0.56 निघाला, म्हणजे धार 0.28 मिलिमीटर वर गेली होती. ड्रिलच्या रचनेत मुद्दाम ठेवलेली खालची उंची त्यात पुसली गेली होती. चौकशीत कळले की, काही आठवड्यांपूर्वी टरेट चकच्या जबड्याला हलकेच टेकले होते. त्यानंतर एक्स ऑफसेट सुधारून काम सुरू केले गेले आणि टर्निंगचे माप बरोबर येत असल्यामुळे पुढे कोणी पाहिले नाही. बाहेरून टर्निंग करताना उंचीतील पाव मिलिमीटर मापात जवळजवळ जाणवत नाही. यू-ड्रिलला ती तत्काळ जाणवते. केवळ एक्स आणि झेड अक्ष असलेल्या लेथवर ही चूक ऑफसेटने जात नाही. टरेटचे बोल्ट सैल करून त्याला मूळ जागी आणावे लागते. ते लगेच शक्य नसेल, तर विकेंद्री स्लीव्ह वापरून ड्रिलपुरती उंची सुधारता येते, पण तो तात्पुरता उपाय आहे, कारण टरेटमधील इतर ड्रिल, रीमर आणि टॅप यांना तीच चूक भोवत राहते.

डायलचे वाचन निर्दोष असूनही इन्सर्ट तुटत असेल, तर टरेट दाबाखाली वाकते का, हे पाहावे. 25 मिलिमीटरचे ड्रिल पोलादात फेऱ्याला 0.10 मिलिमीटर फीडने जाताना अक्षाच्या दिशेने सुमारे दोन किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो वजनाएवढा रेटा निर्माण करते. हा रेटा टरेटच्या मध्यापासून दूर, चकतीच्या कडेला लागतो, म्हणून जुने किंवा हलके टरेट मागे झुकते आणि ड्रिलचे टोक सेंटरवरून सरकते. मशीन थांबले की ते परत जागेवर येते, त्यामुळे डायलला काहीच कळत नाही. भोकाचे तोंड आणि तळ यांच्या मापांत फरक पडणे ही त्याची खूण आहे. अशा वेळी ड्रिल होल्डरमध्ये 180 अंशांनी फिरवून, म्हणजे बाहेरचा इन्सर्ट विरुद्ध बाजूला आणून, एक भोक पाडून पाहावे. झुकण्याची दिशा तीच राहते, पण तिचा त्रास मधल्या इन्सर्टला होण्याऐवजी भोक किंचित मोठे होण्यात निघून जातो. इन्सर्टचा चेहराही उलटत असला, तरी ड्रिल स्वतःच्याच अक्षाभोवती फिरवलेले असल्याने स्पिंडलची दिशा बदलावी लागत नाही, हे विसरू नये.

सेंटर जुळले, तरीही तुटला

टरेट जुळवले, तळाला हवा तसा बारीक खुंट दिसला, आणि अकराव्या नगाला मधला इन्सर्ट पुन्हा गेला. त्या दिवशी मी जवळजवळ हार मानली होती. कारण पॉकेटमध्ये होते, आणि ते पहिल्या दोषाचेच अपत्य होते.

इन्सर्ट तुटतो तेव्हा ड्रिल त्याच क्षणी थांबत नाही. फीड चालू असतो आणि तुटलेला तुकडा पॉकेटच्या तळात व भिंतींत रुततो. पॉकेटचे पोलाद कार्बाइडपुढे मऊ असते. तळाला अगदी लहान खळगा पडला किंवा भिंतीची कड दबली, तरी पुढचा नवा इन्सर्ट पूर्ण टेकत नाही; त्याच्याखाली एक पोकळी राहते आणि पहिल्याच जोराच्या दाबाला तो तेथून मोडतो. इन्सर्टच्या स्क्रूचे काम इन्सर्टला पॉकेटच्या दोन भिंतींकडे ओढून धरण्याचे आहे, त्यासाठी स्क्रूचे भोक जरा सरकवून ठेवलेले असते. भिंती दबल्या की कापण्याचा जोर भिंतींऐवजी स्क्रूवर येतो, स्क्रू लांबतो आणि इन्सर्ट डुलू लागतो. म्हणजे प्रत्येक तुटलेला इन्सर्ट पुढच्या इन्सर्टचे आयुष्य कमी करून जातो. मूळ कारण दूर होऊनही तक्रार चालू राहते ती यामुळे, आणि लोक मूळ कारणावरच शंका घेऊ लागतात.

तपासणी कठीण नाही. पॉकेट द्रावकाने धुऊन हवेने सुकवावे. तळाला मार्किंग ब्लूचा अगदी पातळ थर लावून नवा इन्सर्ट ठरलेल्या टॉर्कने कसावा आणि काढून पाहावा: रंग संपूर्ण टेकण्याच्या जागेवर उमटला पाहिजे. इन्सर्ट बसवलेला असताना भिंतीच्या फटीत 0.03 मिलिमीटरची फीलर पट्टी सरकता कामा नये. बर नखाला लागत असेल, तर बारीक ऑइल स्टोनने फक्त ती उंच कड उतरवावी. पॉकेटच्या आत कानस कधीही घालू नये. खळगा पडला असेल, तर बॉडी बदलणे हाच मार्ग आहे, आणि वेल्डिंग करून पॉकेट पुन्हा घडवण्याचे जे प्रयोग मी पाहिले, त्यांतील एकही टिकलेला पाहिला नाही. स्क्रूही नवा घ्यावा, आणि झिजलेली टॉर्क्स चावी टाकून द्यावी, कारण अशी चावी हाताला घट्ट लागते पण स्क्रू अर्धाच कसलेला असतो. ज्या इन्सर्टची एक धार तुटली आहे त्याच्या उरलेल्या धारा वापरण्यापूर्वी भिंगातून पाहाव्यात. तडा पुष्कळदा शेजारच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला असतो.

बाकीची कारणे

फीड कमी करण्याने बरे वाटते, पण क्वचितच बरे होते. माझ्याकडे 0.12 चा फीड 0.06 वर आणला होता. फीड इतका उतरला की सेंटरजवळचे घासणे वाढते, चिप (कापून निघणारी धातूची साल) पातळ होऊन तुटेनाशी होते आणि ड्रिलच्या नालीत अडकते. बरोबर चाललेल्या ड्रिलमध्ये मधल्या इन्सर्टची चिप शंखासारखी वळलेली आणि बाहेरच्याची स्वल्पविरामासारखी तुटकी असते. लांब फीत येऊ लागली, तर पोलादात आधी फीड तक्त्यातील पट्ट्याच्या मध्यावर न्यावा; कमी कार्बनच्या मऊ पोलादात त्याऐवजी वेग वाढवल्याने चिप अधिक लवकर तुटते. फक्त खडबडीत, तिरप्या किंवा फुगीर पृष्ठभागावर ड्रिल शिरताना फीड अर्ध्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर आणावा आणि दोन्ही इन्सर्ट पूर्ण कापू लागले की पूर्ववत करावा.

कूलंट ड्रिलच्या आतूनच आला पाहिजे. ड्रिल आडवे धरून पंप सुरू केल्यावर धार तोंडापासून किमान 30 सेंटिमीटर न झुकता सरळ गेली पाहिजे; ती लगेच वाकत असेल, तर पंप, फिल्टर किंवा होल्डरची सील तपासावी. सेंटर ड्रिलने आधी खूण करणे यू-ड्रिलला लागत नाही, उलट त्या शंकूमुळे शिरतानाचा तोल बिघडतो. भोकातून मागे-पुढे होत टप्प्याटप्प्याने पाडण्याची पेक पद्धतही येथे टाळावी, कारण परत शिरताना तळाशी उरलेली चिप मधल्या इन्सर्टखाली सापडते. एकावर एक ठेवलेल्या प्लेटांत भोक पाडताना वरच्या प्लेटमधून सुटणारी पातळ चकती खालच्या प्लेटवर फिरत राहते आणि इन्सर्ट फोडते, म्हणून हे काम या ड्रिलने करू नये.

त्या चकतीविषयी एक सुरक्षेची बाब आहे. आरपार भोकाच्या शेवटी ड्रिल बाहेर पडताना ही चकती सुटते, आणि लेथवर जॉब फिरत असल्याने ती मोठ्या वेगाने भिरकावली जाते. दार बंद आणि आडोसा मजबूत असल्याशिवाय आरपार भोक पाडू नये.

मशीनिंग सेंटरवर मधला इन्सर्ट तुटत असेल, तर सेंटरच्या उंचीमागे लागण्यात अर्थ नाही. तेथे स्पिंडल आणि होल्डरचे रनआउट (फिरताना अक्षावरून होणारे हेलकावे), जॉबची पकड, व्यासाच्या चार-पाच पट लांब ड्रिलचा लवचीकपणा आणि पॉकेट हेच पाहावे, आणि त्यातही पॉकेट आधी.

त्या जॉबवर नवी बॉडी, नवे स्क्रू आणि मूळचाच ग्रेड घेऊन फीड परत 0.12 वर नेला. आता इन्सर्ट केव्हा बदलायचे, हे बाहेरच्या इन्सर्टच्या धारेवरील झीज पाहून ठरते. मधला त्या वेळी सोबत बदलला जातो, आणि बहुतेक वेळा तो अजून कापण्याजोगा असतो.